संत अंब्रोज : चषक वितळवणारे बिशप
(स्मृतिदिन : ७ डिसेंबर)



पवित्र मिस्सामध्ये धर्मगुरू चषक दोन्ही हातांनी उंच धरतात, तेव्हा चर्चमधली कुजबुज थांबते आणि आपण सारे मस्तक लववतो. तो चषक बहुधा चांदीचा असतो, आतून त्याला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. मिस्सा झाल्यावर तो पुसून, कापडात गुंडाळून साक्रिस्तीत कुलपात ठेवतात. एकदा आशीर्वादित झालेला चषक दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायचा नाही, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. घरातले कितीही मोठे पाहुणे आले तरी त्यातून कोणी सरबत देणार नाही.

असे पवित्र चषक एका बिशपने फोडायला लावले, भट्टीत वितळवले आणि त्यांची चांदी व सोने विकून टाकले, असे कोणी सांगितले तर आपल्याला धक्का बसेल. त्या काळच्या लोकांनाही बसला होता. पण ह्याच बिशपला ख्रिस्तसभेने संत म्हटले आणि जेरोम, ऑगस्टीन व ग्रेगरी ह्यांच्याबरोबर पश्चिमेकडील चार थोर धर्मपंडितांत स्थान दिले. ते मिलान शहराचे बिशप संत अंब्रोज. येत्या ७ डिसेंबरला त्यांचा स्मृतिदिन आहे. आगमनकाळातच हा दिवस येतो. नाताळच्या खर्चाचे हिशेब घरोघरी सुरू असतात, तेव्हा त्यांची जीवनकथा वाचणे उपयोगी पडेल.

सरदार घराण्यातला मुलगा

अंब्रोज ह्यांचा जन्म इ. स. ३४०च्या सुमारास त्रिएर शहरी झाला. हे शहर आज जर्मनीत आहे, त्या वेळी ते रोमन साम्राज्यात होते. वडील साम्राज्याचे बडे अधिकारी होते. पाळण्यात झोपलेल्या बाळाच्या तोंडावर मधमाश्यांचा थवा बसला आणि काही इजा न करता उडून गेला, अशी आख्यायिका त्यांच्या पहिल्या चरित्रकाराने, पाउलीनुस ह्याने, नोंदवली आहे. म्हणूनच आजही मधमाश्या पाळणारे लोक त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात.

वडील लवकर वारले. आई तीन मुलांना घेऊन रोमला आली. थोरली बहीण मार्सेलीना हिने पोप लिबेरियुस ह्यांच्या हातून व्रतस्थ कुमारिकेचे वस्त्र घेतले. दोघे भाऊ, सातीरुस आणि अंब्रोज, कायदा शिकले व सरकारी नोकरीत शिरले. अंब्रोज हुशार आणि वक्तृत्वात तरबेज होते. थोड्याच वर्षांत ते उत्तर इटलीतल्या एका मोठ्या प्रांताचे राज्यपाल झाले आणि त्यांचे ठाणे मिलानला पडले.

आठ दिवसांत बिशप

मिलानमध्ये तेव्हा मोठी फूट होती. ख्रिस्ताचे संपूर्ण देवपण न मानणारा एरियस पंथ तिथे जोरात होता आणि शहराचा बिशप औक्सेंतियुस त्याच पंथाचा होता. ३७४ साली तो मरण पावला. नवा बिशप कोण, ह्यावरून दोन्ही गटांत हाणामारी होईल अशी चिन्हे दिसू लागली. शांतता राखणे हे राज्यपालाचे काम, म्हणून अंब्रोज स्वतः चर्चमध्ये गेले आणि लोकांना समजावू लागले. तेवढ्यात गर्दीतून एका लहान मुलाने अंब्रोजच बिशप व्हावेत असा आवाज दिला, असे पाउलीनुस सांगतो. दोन्ही गटांनी तो आवाज उचलून धरला.

अडचण अशी की अंब्रोज ह्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. ते अजून श्रद्धार्थी होते. त्यांनी पद टाळण्यासाठी नाना खटपटी केल्या. रात्री शहरातून पळूनही पाहिले. पण लोक हटले नाहीत आणि सम्राटानेही संमती दिली. मग बाप्तिस्मा झाला, आणि आठव्या दिवशी बिशपपदाची दीक्षा झाली. परंपरेनुसार ती तारीख ७ डिसेंबर ३७४. संतांचे स्मरण सहसा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी होते, अंब्रोज ह्यांचे मात्र ह्या दीक्षेच्या दिवशी होते.

बिशप होताच त्यांनी पहिले काम केले ते घर रिकामे करण्याचे. जवळ होते नव्हते ते सारे सोने आणि चांदी त्यांनी ख्रिस्तसभेला आणि गोरगरिबांना देऊन टाकली. जमिनीही ख्रिस्तसभेच्या नावे केल्या, फक्त बहिणीच्या हयातीपर्यंत तिच्या पोटापाण्याची सोय ठेवली. घरचा कारभार पाहायला सातीरुस आपली नोकरी सोडून भावाकडे आला. पुढे जे घडले ते समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. चर्चच्या चांदीला हात लावण्यापूर्वी अंब्रोज ह्यांनी स्वतःच्या घरची चांदी दिली होती.

घरची चांदी वेदीवर

त्या काळी श्रीमंत रोमन घरांत चांदीची पानपात्रे ही प्रतिष्ठेची खूण होती. जेवणावळीत ती रांगेने मांडत. ख्रिस्ती कुटुंबे आपल्या घरची अशी मौल्यवान वस्तू प्रभूच्या मेजासाठी देत. छळाच्या काळातही चर्चजवळ चांदीची पात्रे असत. ३०३ साली उत्तर आफ्रिकेतील सिर्ता शहरात सरकारी शिपायांनी चर्चची झडती घेतली. त्या जप्तीच्या यादीत सोन्याचे २ आणि चांदीचे ६ चषक, चांदीच्या ६ झाऱ्या आणि चांदीचे ७ दिवे नोंदलेले आहेत. त्या काळी सारे भाविक चषकातूनच प्रभूचे रक्त स्वीकारत आणि चषक त्यांच्यापुढे धरण्याचे काम डीकनचे असे.

घरचा प्याला प्रभूच्या मेजावर देण्याची ही रीत पुढे अनेक देशांत, कॅथलिक नसलेल्या ख्रिस्ती लोकांतही दिसते. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती वसल्या तेव्हा बोस्टनमधील गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप ह्यांनी आपला चांदीचा, मुलामा दिलेला प्याला तिथल्या चर्चला दिला. त्यांच्यानंतर अनेक कुटुंबांनी घरातले चांदीचे पेले आणि मोठे मूठवाले मग प्रभुभोजनासाठी दिले. त्यांवर देणाऱ्यांची नावे कोरलेली असत. आपल्याकडेही आईवडिलांच्या आठवणीसाठी चषक अर्पण करणारी कुटुंबे आहेत. अशा वस्तूत चांदीच्या किमतीपेक्षा माणसांची माया जास्त असते. म्हणूनच ती मोडणे सोपे नसते.

बंदिवानांची किंमत

९ ऑगस्ट ३७८ रोजी आद्रियानोपल येथे रोमन सैन्याचा गॉथ टोळ्यांकडून भीषण पराभव झाला. सम्राट व्हालेन्स स्वतः मारला गेला. थ्रेस आणि इल्लिरिया ह्या प्रांतांत लुटालूट झाली आणि असंख्य माणसे कैद झाली. बायका, मुले, म्हातारे ह्यांना गुलाम म्हणून दूरदूरच्या बाजारांत विकायला नेले. पैसे भरले तर सुटका होत असे, नाही तर जन्मभराची गुलामी.

अंब्रोज ह्यांनी पैसा गोळा केला. तो पुरेना. तेव्हा त्यांनी चर्चमधील पवित्र भांडी फोडून वितळवण्याचा निर्णय घेतला आणि त्या सोन्याचांदीतून बंदिवानांची सुटका केली.

मिलानमध्ये गदारोळ उठला. एरियस पंथीयांना तर आयती संधी मिळाली. हा कसला बिशप, ह्याला पवित्र वस्तूंची चाड नाही, अशी टीका झाली. अंब्रोज ह्यांनी ह्या टीकेला काही वर्षांनंतर, धर्मगुरूंच्या कर्तव्यांविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा :

ख्रिस्तसभेजवळ सोने आहे ते साठवण्यासाठी नव्हे, तर गरजवंतांवर खर्च करण्यासाठी. प्रभूने प्रेषितांना सोन्याशिवाय पाठवले आणि सोन्याशिवायच ख्रिस्तसभा उभी केली. मिस्साबलिदानाला सोने लागत नाही, कारण जे पैशाने विकत मिळत नाही ते सोन्याने अधिक मोलाचे होत नाही. उद्या प्रभूने विचारले, की इतके बंदिवान बाजारात विकले गेले, इतके मारले गेले, तू त्यांना का सोडवले नाहीस, तर काय सांगणार? देवाचे मंदिर शोभेविना राहील अशी भीती वाटली, असे सांगणार? धातूच्या पात्रांपेक्षा जिवंत पात्रे जपणे जास्त योग्य. आणि ज्या चषकातील रक्ताने माणसांचा आत्मा सोडवला, त्याच चषकाने त्यांची शरीरेही शत्रूच्या हातून सोडवली, तर चषकाचा खरा अर्थ त्या दिवशी दिसला.

ह्याच ठिकाणी त्यांनी संत लॉरेन्स ह्यांची आठवण दिली आहे. रोमचे डीकन लॉरेन्स ह्यांच्याकडे २५८ साली अधिकाऱ्यांनी चर्चचा खजिना मागितला, तेव्हा त्यांनी सारे वाटून टाकले आणि गोरगरिबांना आणून हाच आमचा खजिना म्हणून उभे केले.

पण अंब्रोज बेफिकीर नव्हते, हेही त्याच लिखाणात दिसते. त्यांनी नियम घालून दिला. पवित्र पात्रे मोडायची ती फक्त तीन कारणांसाठी : बंदिवानांना सोडवण्यासाठी, देवाचे मंदिर बांधण्यासाठी आणि भाविकांच्या दफनभूमीसाठी. त्यातही आधी अजून आशीर्वादित न झालेली पात्रे शोधायची. ती पुरली नाहीत तरच पुढचा विचार. आणि चषक चषकाच्या रूपात चर्चबाहेर जाता कामा नये. तो आधी फोडायचा, वितळवायचा, मगच विकायचा. नाही तर ज्यातून प्रभूचे रक्त प्यायले गेले तोच प्याला एखाद्याच्या दारूच्या बैठकीत जाईल. चषकाविषयीचा एवढा आदर बाळगणाऱ्या माणसाने तो फोडला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाची किंमत कळते.

मानाचे पेले आणि मोनिकाचा छोटा प्याला

दारूच्या बैठकी अंब्रोज ह्यांना चांगल्या ठाऊक होत्या. उपवासावरील एका ग्रंथात त्यांनी त्या काळच्या मेजवान्यांचे चित्र रंगवले आहे. सोन्याचांदीचे पेले लढाईला निघालेल्या फौजेसारखे मांडलेले असत. छोट्या पेल्यापासून सुरुवात करून मोठ्यापर्यंत चढाओढ चाले. मग सम्राटाच्या आरोग्यासाठी प्याला उचलला जाई, आणि जो पिणार नाही तो राजनिष्ठ नाही असे ठरे. मानासाठी प्यायचे आणि माणूसपण गमवायचे, ह्या प्रकारावर त्यांनी कडक टीका केली.

ही शिस्त त्यांनी चर्चमध्येही लावली. हुतात्म्यांच्या समाध्यांवर अन्न आणि द्राक्षारस नेऊन तिथे खाण्यापिण्याची प्रथा होती. भक्ती बाजूला राहून तिथे दारूबाजी होई, आणि मूर्तिपूजक लोक पितरांसाठी करत त्या विधीसारखेच ते दिसे. अंब्रोज ह्यांनी मिलानमध्ये ती बंद केली.

ह्या बंदीचा अनुभव एका थोर मातेला आला. संत मोनिका आपल्या मुलामागे, ऑगस्टीनमागे, आफ्रिकेहून मिलानला आल्या होत्या. गावाकडच्या सवयीप्रमाणे त्या भाकरी, पेज आणि द्राक्षारस घेऊन समाधीवर निघाल्या. दारावरच्या रखवालदाराने अडवले. मोनिका पिणाऱ्या नव्हत्या. एक छोटा प्याला, तोही पाणी घालून, तेवढाच सगळ्या समाध्यांना फिरवून त्या एकेक घोट इतरांसह घेत. तरीही बिशपांची आज्ञा आहे हे कळताच त्यांनी कुरकुर केली नाही. त्या दिवसापासून प्याला घरी राहिला. समाधीवर त्या प्रार्थनेने भरलेले अंतःकरण नेऊ लागल्या आणि टोपलीतले जे होते ते गरिबांना देऊ लागल्या. ऑगस्टीन ह्यांनीच हे लिहून ठेवले आहे. पुढे ३८७च्या पास्काच्या जागरणविधीत अंब्रोज ह्यांच्याच हातून ऑगस्टीन ह्यांचा बाप्तिस्मा झाला.

नोव्हेंबरात आपण कबरस्तानात मेणबत्त्या लावून आलो आहोत. मृतांच्या नावाने, लग्नाच्या नावाने, सणाच्या नावाने आपल्या घरांत पेले किती भरले जातात, आणि त्यापायी किती संसार रिकामे होतात, हे वेगळे सांगायला नको.

गरिबांना दिले, राजाला नाही

३८४ साली रोमच्या जुन्या धर्माच्या सरदारांनी सिनेटमधील विजयदेवतेची वेदी पुन्हा बसवण्याची आणि मंदिरांचे उत्पन्न चालू करण्याची मागणी सम्राटाकडे केली. अंब्रोज ह्यांनी विरोध करताना ख्रिस्तसभेची मालमत्ता म्हणजे गरिबांचे पोट, हे ठामपणे मांडले. मंदिरांच्या उत्पन्नातून किती बंदिवान सुटले, किती गरीब जेवले, ते मोजून दाखवा, असे त्यांचे आव्हान होते. स्वतः चषक वितळवले असल्यामुळेच ते असे बोलू शकले.

दोन वर्षांनी खरी कसोटी लागली. बालसम्राटाची आई युस्तीना एरियस पंथाची होती. तिला त्या पंथासाठी मिलानमधले एक चर्च हवे होते. ३८६च्या पवित्र आठवड्यात सैनिकांनी चर्चला वेढा दिला. लोक आत बसून राहिले आणि अंब्रोज ह्यांनी त्यांना स्तोत्रे व गीते गायला शिकवली. मिलानहून ही प्रथा पुढे इतर चर्चमध्ये पसरली. ह्या संघर्षात त्यांच्याकडे चर्चची पवित्र पात्रेही मागण्यात आली. त्यांनी उत्तर दिले, की माझे घर, माझी जमीन, माझी चांदी मागाल तर देईन, पण देवाच्या मंदिरातले माझे नाही, ते मी देऊ शकत नाही.

काहींना ह्यात विसंगती वाटेल. गुलामांसाठी चषक वितळवणारा बिशप सम्राटाला तोच चषक का देत नाही? कारण सरळ आहे. अंब्रोज ह्यांच्या मते ती चांदी देवाची होती, आणि देवाच्या वस्तूवर भुकेल्याचा व बंदिवानाचा हक्क पोचतो, सत्ताधीशाचा पोचत नाही.

३९० साली सम्राट थिओडोसियस ह्यांच्या हुकुमाने थेस्सलनीका शहरात हजारो नागरिकांची कत्तल झाली. अंब्रोज ह्यांनी सम्राटाला पत्र पाठवून कळवले, की तुम्ही समोर असताना मी मिस्साबलिदान अर्पण करणार नाही. निरपराधांच्या रक्ताने हात भरले असताना प्रभूच्या रक्ताच्या चषकाजवळ येता येत नाही, हा त्यामागचा भाव. जगातला सर्वांत बलाढ्य राजा राजवस्त्रे उतरवून चर्चमध्ये पश्चात्तापी म्हणून उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या नाताळला त्याला पुन्हा ख्रिस्तप्रसाद मिळाला.

४ एप्रिल ३९७, पास्काच्या जागरणाचा दिवस. अंब्रोज आजारी होते. दोन्ही हात क्रुसासारखे पसरून ते बराच वेळ प्रार्थना करत राहिले. बिशप होनोरातुस ह्यांनी त्यांना अखेरचा ख्रिस्तप्रसाद दिला आणि लगेच त्यांनी प्राण सोडला. मिलानमध्ये त्यांच्या नावाच्या महामंदिरात त्यांचे अवशेष आजही आहेत.

आपल्या किनाऱ्यावर

चर्चची चांदी संकटात बाहेर काढण्याचे प्रसंग आपल्या कोकण किनाऱ्यावरही आले. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईला वेढा घातला होता. किल्ल्यातल्या पोर्तुगिजांजवळ पैसा संपला. त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे कर्ज मागितले. चर्चची चांदीची पात्रे आणि काही पितळी तोफा तारण ठेवून त्यांना १५,००० रुपये मिळाले. त्या वर्षी मे महिन्यात वसई पडलीच. वेढ्यात सापडलेल्या माणसांना आज दोष देण्यात अर्थ नाही. पण मिलानची चांदी आणि वसईची चांदी शेजारी ठेवून पाहिली तर फरक दिसतो. एका ठिकाणी ती माणसांच्या सुटकेसाठी गेली, दुसऱ्या ठिकाणी लढाईसाठी गेली.

पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ३० डिसेंबर १९८७च्या आपल्या परिपत्रकात हाच विचार नव्याने मांडला. लोक उपाशी, उघडे, बेघर असताना चर्चमधील जादा शोभेच्या आणि महागड्या वस्तू विकून त्यांना अन्न, वस्त्र व निवारा देणे हे कर्तव्य ठरू शकते, असे त्यांनी शिकवले आणि प्राचीन धर्मपित्यांचा दाखला दिला. त्या परंपरेत संत अंब्रोज अग्रभागी आहेत.

ह्याचा अर्थ उद्या साक्रिस्तीतला चषक सोनाराकडे न्यावा असा नाही. अंब्रोज ह्यांनी क्रम घालून दिला आहे. आधी स्वतःच्या घरचे, मग चर्चमधले न आशीर्वादलेले, आणि अगदी शेवटी चषक. आपण बहुतेक जण पहिल्याच पायरीवर अडलेले असतो. नाताळला रोषणाई किती, गोठा केवढा, केक कुठला, ह्याच्या चर्चा होतात. त्याच वेळी आपल्याच वस्तीत कोणी सावकाराच्या व्याजात अडकलेला असतो, कोणी इस्पितळाच्या बिलासाठी आईचे मंगळसूत्र गहाण टाकतो, कोणी दारूच्या कैदेतून सुटू पाहतो पण त्याचा हात धरायला कोणी नसते. हे आजचे बंदिवान आहेत. त्यांच्या सुटकेला किती लागेल, ते घरात बसून मोजावे. जुलै २०२१मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा गाळात गेलेल्या सामानापेक्षा सुखरूप बाहेर आलेली माणसे किती मोलाची असतात, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेच आहे.

पुढच्या रविवारी चषक उंचावला जाईल तेव्हा आपण नेहमीप्रमाणे मस्तक लववू. त्या वेळी एका बंदिवानाचे नाव मनात घ्यावे आणि आठवड्याच्या आत त्याच्यासाठी काहीतरी द्यावे. संत अंब्रोज ह्यांच्या स्मृतिदिनाला ह्याहून चांगली भेट नाही.

प्रार्थना : हे दयाळू प्रभू, तुझ्या रक्ताने तू आम्हाला मुक्त केलेस. संत अंब्रोज ह्यांच्या मध्यस्थीने आमच्या घरांतील लोभ वितळू दे आणि बंधनात असलेल्या आमच्या बंधुभगिनींना सोडवण्यासाठी आमचे हात मोकळे कर. आमेन.